आज्ञाधारकपणाचे कौतुक आता पुरे



आपल्या समाजात मुलाची स्तुती करावयाची झाली म्हणजे "पोर मोठे गुणी आहे, एका शब्दाने उलट विचारीत नाही" असे म्हणण्याचा प्रघात आहे. सुनेची स्तुती याहून निराळी नसते. कारखान्यातला मुकादम चांगल्या कामगाराचे वर्णन याच शब्दांनी करतो, आणि कचेरीतला साहेब आपल्या शिपायाविषयी व कारकुनाविषयी संतोषाने हेच बोलतो. घरात जो गुण वाखाणला जातो तोच गुण मालकालाही नेमका हवा असतो, हा योगायोग आहे काय? हा गुण आपल्याला कोणी शिकविला आणि कोणाच्या फायद्यासाठी शिकविला, याची चौकशी धम्मदीक्षा घेतलेल्या प्रत्येक घराने एकदा तरी केली पाहिजे.

तुमच्यापैकी कोणाला दीक्षा घेऊन दोन वर्षे झाली असतील, कोणाला दोन महिने. देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडण्यास एक सकाळ पुरते. पण "मोठ्यांना विचारू नये, लिहिले असेल ते खरे मानावे, सांगितले असेल ते करावे" ही जी सवय पिढ्यान् पिढ्या आपल्या अंगात मुरविली गेली, ती टाकांबरोबर वाहून जात नाही. ती घरातच राहते आणि नव्या वस्तूंचा आश्रय घेते. कालपर्यंत भगताने सांगितलेला मुहूर्त पाळणारा गृहस्थ आज विवाहमंगल बौद्ध पद्धतीने लावतो खरा, पण तारीख ठरविताना कोणाचे तरी पंचांग हळूच पाहून येतो. विचारले तर म्हणतो, "पाहण्यात काय बिघडते?" बिघडते ते एवढेच की, ज्या प्रश्नाचे उत्तर कार्यालय कोणत्या दिवशी मोकळे आहे आणि पाहुण्यांना रजा केव्हा मिळते एवढ्यावरून मिळावे, त्या प्रश्नासाठी आपण अजून दुसऱ्याच्या दारी उभे आहोत.

न विचारण्याची किंमत आपल्या पूर्वजांनी किती मोजली, याचे एक उदाहरण आपल्या घरातलेच आहे. महारवतनाची गोष्ट जुन्या माणसांच्या तोंडून तुम्ही ऐकली असेल. वेसकरकी करावी, सांगावा पोचवावा, सरकारी कामगारांच्या मागे धावावे, मेलेली ढोरे ओढावीत, आणि त्याच्या मोबदल्यात तुकडाभर वतनी जमीन व दारोदार फिरून मिळणारे बलुते घ्यावे, असा तो व्यवहार होता. चमत्कार असा की या व्यवहाराचा अभिमान बाळगणारे लोक आपल्यातच होते. बेदरच्या बादशहाने आपल्याला बावन्न हक्क दिले, ही कथा वाडवडील छाती फुगवून सांगत. त्या बावन्न हक्कांची बेरीज-वजाबाकी करून पाहण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नसे.

ती बेरीज-वजाबाकी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडले. त्यामागचे प्रश्न अगदी साधे होते. जमिनीचे उत्पन्न किती? काम किती तासांचे? वतनदार गावी नसला तर त्याच्या घरातल्या माणसाला का राबविले जाते? पगार सरकार देत नाही व रयतही नियमाने देत नाही, तर हा चाकर नेमका कोणाचा? हे प्रश्न विचारताच बादशाही हक्कांचा मुलामा उडाला आणि खाली वेठबिगार दिसली. लक्षात घ्या, नवी माहिती कोणतीही बाहेरून आणावी लागली नव्हती. जमीन तीच, भाकरी तीच, धावाधाव तीच. जे रोज डोळ्यांसमोर होते त्याचा हिशेब तेवढा मागितला गेला. "वतन गेले तर आमचा मान जाईल" असे म्हणणारे आपल्याच लोकांत निघाले, याचेही नवल वाटू नये. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीची चिकित्सा सर्वांत जड जाते. पुढे तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने, ही कनिष्ठ गाववतने नष्ट झाली.

आता काही सज्जन म्हणतात, "हे सर्व जुन्या धर्माविषयी ठीक आहे. परंतु आता आपण सद्धम्मात आलो. येथे तरी श्रद्धा ठेवावी, शंका काढू नयेत." या सज्जनांचा हेतू आम्ही वाईट मानीत नाही. पण त्यांनी केसपुत्त गावची हकीगत पुन्हा एकदा वाचावी.

अंगुत्तरनिकायात ती आहे. कोसल देशातल्या केसपुत्त गावी कालाम लोक राहत. अनेक श्रमण-ब्राह्मण त्यांच्या गावी येत, आपलाच सिद्धांत तेवढा खरा म्हणत आणि इतरांच्या मतांची निंदा करीत. गोंधळलेल्या कालामांनी भगवंतांना विचारले की यांतला खरा कोण आणि खोटा कोण? भगवंतांनी त्यांना शंकेबद्दल रागावले नाही. शंका यावी अशाच ठिकाणी तुम्हाला शंका आली आहे, असे सांगितले. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, हा त्या उपदेशाचा गाभा सर्वांच्या परिचयाचा आहे.

परंतु त्याचा उरलेला भाग आपले वक्ते सहसा सांगत नाहीत. केवळ तर्काला पटते म्हणून, किंवा आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणूनही स्वीकारू नका, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे तपासावे तसे आपले लाडके मतही तपासावे. मग निर्णय कशावर करावयाचा? भगवंतांनी कालामांनाच प्रश्न केले. मनुष्याच्या मनात उत्पन्न झालेला लोभ त्याच्या हिताचा की अहिताचा? द्वेष? मोह? प्रत्येक वेळी कालामांनी स्वतः विचार करून "अहिताचा" असे उत्तर दिले. आचरणाचा परिणाम काय होतो ते पाहा, सुज्ञ माणसे त्याला काय म्हणतात तेही विचारात घ्या, आणि स्वतःला कळले म्हणजे धरा किंवा सोडा, अशी ती रीत आहे. "मला वाटेल ते मी मानीन" या स्वैरपणाला केसपुत्तात आधार शोधणाऱ्या तरुणांनी हेही ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांनी हीच रीत खुद्द भगवंतांच्या चरित्राला लावली. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा लहानपणापासून सर्वांनी ऐकलेली असते. बाबासाहेबांनी विचारले की गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थाचे वय एकोणतीस वर्षांचे होते, तर तोवर त्याच्या दृष्टीस एकही म्हातारा, एकही आजारी, एकही प्रेत पडले नाही हे संभवते काय? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ती कथा बाजूस ठेवून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा, शाक्यसंघाने केलेला युद्धाचा ठराव आणि सिद्धार्थाने त्याला केलेला विरोध, यांतून परिव्रज्येचे कारण मांडले. या मांडणीविषयी मतभेद करणारे विद्वान बौद्ध जगतात आहेत आणि त्यांनी तो अवश्य करावा. आमचा मुद्दा निराळा आहे. ज्या ग्रंथाला आपण वंदन करतो, त्याच्या प्रस्तावनेतच प्रश्न मांडलेले आहेत. तो ग्रंथ लाल फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवणारे घर त्याचा मान राखते की अपमान करते?

आणि ज्या धर्मांतराचे आपण वारस आहोत त्याचाही काळ मोजून पाहा. येवल्याची घोषणा १९३५ च्या ऑक्टोबरात झाली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. मधली एकवीस वर्षे वाचन, वादविवाद, निरनिराळ्या धर्मांची तुलना यांत गेली. रागाच्या भरात किंवा कोणाच्या शब्दाखातर उडी घ्यावयाची असती तर एकवीस दिवसही लागले नसते.

येथवर घराची व धम्माची गोष्ट झाली. आता धंद्याची व नोकरीची. आपली मुलेमुली आज रुग्णालयांत परिचारिका आहेत, कारखान्यांत तंत्रज्ञ आहेत, शाळांत शिक्षक आहेत. नोकरीत विचार करण्याचे काम वरिष्ठांचे, आपले काम सांगितलेले करण्याचे, अशी समजूत त्यांच्यापैकी अनेकांनी घरूनच नेलेली असते. ही समजूत माणसांचा जीव घेऊ शकते. हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी ज्वराने दगावल्या. दुसऱ्यात तीनहून कमी. शहरातल्या गरीब बायकांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागात नाव निघाले की त्या हातापाया पडत. रस्त्यातच बाळंत होऊन मग रुग्णालयात येणाऱ्या बाया मात्र त्या मानाने वाचत. विद्वान मंडळी हवेतल्या दोषाला बोल लावून मोकळी झाली होती.

इग्नाझ सेमेल्वाइस नावाचा तरुण वैद्य तेथे सहायक होता. त्याने विचारले की हवा दोन्ही विभागांना एकच, मग दोष एकाच विभागाला का? गर्दीमुळे म्हणावे, तर गर्दी दुसऱ्या विभागात जास्त. कोणी म्हणाले, मरणाऱ्या बाईसाठी धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जातो, त्या घंटेच्या भीतीने बायका खचतात. आपल्याकडे असते तर यावर एखादी शांत केली गेली असती. सेमेल्वाइसने धर्मगुरूला दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजविता जावयास लावले. मृत्यू थांबले नाहीत. म्हणून ते कारण त्याने खोडून टाकले. बाळंतिणीला निजविण्याची पद्धत दोन्हीकडे निराळी होती, तीही बदलून पाहिली. फरक पडला नाही. तेही खोडले.

१८४७ च्या मार्चमध्ये त्याचा मित्र, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक कोलेत्श्का, शवविच्छेदन चालू असता विद्यार्थ्याच्या सुरीची जखम होऊन वारला. त्याच्या देहात जी लक्षणे दिसली ती बाळंतिणींच्या देहांतल्यासारखीच होती. तेव्हा सेमेल्वाइसच्या ध्यानात आले की पहिल्या विभागातले विद्यार्थी, आणि तो स्वतःही, सकाळी प्रेते फाडून त्याच हातांनी बाळंतिणी तपासीत असत. सुइणी प्रेतांना हात लावीत नसत. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय कोणी तपासणी करावयाची नाही असा नियम केला. एप्रिलमध्ये शेकडा अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास आणि जुलैत त्याहूनही खाली आले. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता. त्याच्याजवळ होती ती दोन विभागांची तुलना, नोंदवही आणि एकेक समजूत तपासून टाकून देण्याची चिकाटी.

मग काय झाले? सभ्य वैद्याचे हात मृत्यू वाहून नेतात, हे ऐकण्याची पुष्कळ वरिष्ठांची तयारी नव्हती. १८४९ साली त्याच्या नेमणुकीची मुदत वाढविण्यात आली नाही. त्याचीही एक गोष्ट खटकते. आपला शोध त्याने सविस्तर ग्रंथरूपाने १८६१ साली छापला, म्हणजे चौदा वर्षांनी. तोवर त्याचे म्हणणे बहुतांशी मित्रांच्या लेखांतून व ऐकीव स्वरूपात फिरत होते, आणि ऐकीव गोष्टीचे होते तेच त्याचेही झाले. नोकरीतल्या आपल्या मुलामुलींनी ही बाजूही वाचावी. जे आढळले ते वेळेवर, तारीखवार, कागदावर आले पाहिजे.

वरिष्ठ सारेच असे नसतात. बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये निघाला. रुपयाच्या चलनपद्धतीविषयी केन्ससारख्या प्रख्यात अर्थशास्त्रज्ञाने मांडलेल्या मताला त्यात उघड विरोध होता. ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि तीत आपल्याला लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मान्य नाहीत असे साफ लिहून विद्यार्थ्याच्या विचारांच्या ताजेपणाचा गौरवही केला. मतभेद म्हणजे बेअदबी, असे मानणाऱ्या आपल्याकडील मुख्याध्यापकांनी, पुढाऱ्यांनी व, स्पष्टच बोलावयाचे तर, आपल्या समाजाच्या काही मंडळांच्या अध्यक्षांनी ती प्रस्तावना मिळवून वाचावी. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब मागणाऱ्या तरुणाला "तू चळवळीचा शत्रू आहेस" असे ऐकविणारा अध्यक्ष कोणत्या परंपरेतला?

शिक्षण झाले म्हणजे चिकित्सा आपोआप येते, हाही एक भ्रम आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, त्या रांगांत पदवीधर होते, अधिकारी होते. चमच्यातले दूध पृष्ठताणाने ओढले जाऊन मूर्तीवरून पातळ ओघळाने खाली उतरते, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखविले. चमच्याखाली मूर्तीच्या पायाशी पाहणे एवढेच करावयाचे होते. तेवढे न करता लोकांनी दूध महाग करून ठेवले. आज ती रांग लावण्यासाठी देवळात जावे लागत नाही; ती प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर लागलेली असते. "जास्तीत जास्त लोकांना पाठवा" असे ज्या मजकुराखाली लिहिलेले असते तो आपण सर्वांत आधी पाठवितो. त्यात बाबासाहेबांचे छायाचित्र असले की तपासण्याचा प्रश्नच उरत नाही! त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या नावावर घालून फिरविणारे बहुधा आपलेच भाविक बंधू असतात. दामदुप्पट देणाऱ्या योजनांचे दलालही आता निळी टोपी घालून, "जयभीम" म्हणत येतात. अभिवादन परत करावे. पण पैसा कोठे गुंतविणार, दुप्पट कशातून होणार, आणि नोंदणी कोठे आहे, हे तिन्ही विचारल्यावाचून सही करू नये.

माता-भगिनींनो, यात तुमचा भाग मोठा आहे. मूल चार वर्षांचे असते तेव्हा दिवसभर "का?" विचारते, आणि सात वर्षांचे होईतो पुष्कळ घरांत ते गप्प झालेले असते. त्याला गप्प कोणी केले? उत्तर येत नसेल तर "मलाही ठाऊक नाही, आपण शोधू" असे म्हणण्यात आईबापांची अब्रू जात नाही. आणि मुलीचा प्रश्न मुलाच्या प्रश्नाइतकाच ऐकून घेतला जातो काय, हेही पाहा. "मुलीच्या जातीने इतके विचारू नये" हे वाक्य आम्ही दीक्षा घेतलेल्या घरांत ऐकले आहे.

विचारण्याला किंमत पडते, हे आम्ही लपवीत नाही. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर प्रश्न विचारणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने केला. पण न विचारण्यालाही किंमत पडते, आणि ती आपल्या दारात रोज भरली जाते. याचे एकच उदाहरण देतो; ते तुमच्यापैकी पुष्कळांना लागू आहे.

"बौद्ध झालात तर अनुसूचित जातीच्या सवलती जातात" असे तुम्हाला शेजाऱ्याने, नातेवाइकाने, क्वचित एखाद्या कारकुनानेही सांगितले असेल. या भीतीने घरात बौद्ध आणि कागदावर काही निराळेच, असे दुहेरी जीवन जगणारी कुटुंबे आहेत. या म्हणण्याला एके काळी आधार होता, हे खरे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू धर्माबाहेरील मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जात नसे. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला आणि १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे अनुसूचित जातीतून आलेल्या मनुष्याचा तो दर्जा बौद्ध धम्म स्वीकारल्याने जात नाही, असा कायदा १९९० पासून आहे. एके काळी खरी असलेली गोष्ट खोटी झाली. पण ती तोंडोतोंडी चालतच राहिली, कारण आदेश काढून वाचण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कचेरीच्या खिडकीत कोणी असे सांगितले तर भांडू नका आणि मान हलवून परतही येऊ नका. "साहेब, हे कोणत्या आदेशात आहे? त्याचा क्रमांक व दिनांक लिहून द्या," एवढे नम्रपणे विचारा. लिहून मिळाले नाही तर आपला अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, आणि माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली तोच प्रश्न लेखी टाका. त्याचे उत्तर सामान्यतः तीस दिवसांत द्यावे लागते. अर्ज लिहिताना घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, आणि पोहोच घेण्यास जाल तेव्हा त्यांनाही बरोबर न्या.